काचेवरचा पुसट ठिपका

आबा, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहूनच गेली.

आणीबाणीच्या वर्षी मी दक्षिणेतल्या एका वेधशाळेत नोकरीला होते. दुर्बिणीतून काढलेल्या आकाशाच्या फोटोंच्या काचा दिवसभर भिंगाखाली तपासायच्या, हे माझं काम. एका काचेवर मला पुसट, लांबट ठिपका दिसला. साहेब म्हणाले, धुताना पडलेला डाग असेल, सोडून द्या. मला मात्र तुमची आठवण झाली. माधवनगरच्या गिरणीत तुम्ही कापड तपासायचात आणि घरी जेवताना सांगायचात, "डाग दिसला म्हणून लगीच टाकून द्यायचं न्हाई पोरी. आदी उलटून बघायचं." आकाशाच्या त्याच भागाची, दुसऱ्या वेळी काढलेली काच मी शोधून काढली. ठिपका तिथंही होता. ती फार दूरची एक दीर्घिका निघाली, ताऱ्यांचा लंबगोल पुंजका. आमच्या यादीत ती नव्हती. त्याच संध्याकाळी मी तुम्हाला पत्र टाकलं, की मी नवी दीर्घिका शोधली.

महिन्याभरानं परदेशातून कळलं, तिकडं कुणीतरी ती आधीच नोंदवून ठेवली होती. हे पत्रात लिहवेना, म्हणून रजा काढून मी घरी आले. दारातच तुम्ही उभे, अंगात इस्त्रीचा सदरा. आत गिरणीतली सात-आठ माणसं बसलेली, मधे साताऱ्याहून मुद्दाम मागवलेले कंदी पेढे. "दाव की गं ह्यास्नी," तुम्ही म्हणता. मी पिशवीतून त्या ठिपक्याचा फोटो बाहेर काढते. तुम्ही चष्मा पुसून तो खिडकीपाशी नेता.

"एवढीशीच हाय व्हय?"

"लांब आहे म्हणून तशी दिसते, आबा. आत अब्जावधी तारे आहेत. सगळे जुने. नवे फारसे जन्मत नाहीत तिथं."

"म्हंजी समदी आमच्यावानी म्हातारीच की!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. बोट न टेकवता फोटोवरून फिरवत राहिलात. "तुझी आई असाया पायजे हुती," एवढंच म्हणालात.

मी बोलायला तोंड उघडलं, तोवर तुम्ही पेढा पुढं केलात. दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात.

हे पत्र टाकायचं कुठं, म्हणून ते इथंच राहील. तुमचं मन मोडू नये म्हणून मी गप्प बसले, असं मी पुष्कळांना सांगितलं. ते निम्मंच खरं आहे, आबा. त्या दुपारी तुम्हाला मी जशी दिसत होते, तशी मला अजून थोडा वेळ दिसायचं होतं.