गेनबाच्या मुलीची नोंद

कर्वेनगर, पुणे
४ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. सुंदराआत्यास,
दीपालीचा कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि सोसायटीत मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. वारज्याच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी जिथे ठेवल्या आहेत, त्या कचेरीत आज तिसऱ्यांदा जाऊन आले. दारावर पाटी आहे, ‘चौकशी करण्यापूर्वी आपणांस काय हवे ते ठरवून यावे.’ मी ठरवूनच गेले होते. तुझा जन्म आणि तुझ्या आईचा मृत्यू खरंच एका दिवसाचा आहे का, एवढंच मला बघायचं आहे.

नोंदी मोडीत आहेत. त्या वाचायला ज्ञानदेवराव म्हणून निवृत्त मास्तर दर मंगळवारी येतात. त्यांनी १९४४चं मृत्यूचं अख्खं बाड वाचलं. कौशल्या या तुझ्या आईच्या नावाची एकही बाई त्या वर्षी वारज्यात वारलेली नाही. कारकून म्हणाले, नोंद नाही म्हणजे बाई हयात असतील, घरी जाऊन बघा. मला हसूही आलं आणि रडूही.

श्रद्धा फोनवर रडत होती. तिला नववा लागला आहे आणि तिची आजी, म्हणजे तू, बाळंतपणात घरात नको म्हणून बॅग भरून माझ्याकडे यायला निघाली आहेस. तुझ्या आजीनं लहानपणी जन्मताच आईला खाल्लंस म्हणून हिणवलं, आणि ऐंशी उलटली तरी तू स्वतःला पांढऱ्या पायाची म्हणतेस. आत्या, मला याचा फार राग येतो. पुण्याला ये, पण अशा कारणानं येऊ नकोस.

तुझी,
दीपाली

बार्शी
११ नोव्हेंबर

चि. सौ. दीपालीस अनेक उत्तम आशीर्वाद.

रागावलीस तर रागाव. माझ्या दोन्ही सुनांच्या बाळंतपणात मी तुळजापूरला जाऊन राहिले आणि सगळं सुखरूप झालं. मी नव्हते म्हणूनच झालं. आता श्रद्धाच्या जिवावर मला परीक्षा घ्यायची नाही.

पण तुझं पत्र आल्यापासून डोक्याला भुंगा लागला आहे. कौशल्या हे नाव मला मामांनी सांगितलेलं. वारज्याच्या घरात आईचं नाव कुणी काढायचंच नाही. परवा सून माझ्या लग्नातला तांब्याचा हंडा चिंचेनं घासत होती. त्याच्या गळ्याशी नाव घातलं आहे, ‘सौ. तुळजा गेनबा’. कुणी पणजी असेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले. पण गेनबा माझे वडील! आणि त्यांची दुसरी बायको, तुझी आजी, तर मुक्ताई. मग तुळजा कोण? दोन्ही सुनांची नावं लग्नात आम्हीच बदलली, आणि आईचंही बदललं असेल हे मला सुचू नये! सासरच्या नावानं बघ.

बघ म्हणते खरी, पण भीती वाटते गं. कागदावरच निघालं, तर मग तसं नसेल असं वाटायलासुद्धा जागा राहणार नाही. जेवण जात नाही.

तुझी आत्या,
सुंदरा

ता. क. बॅग भरलेलीच आहे.

पुणे
२३ नोव्हेंबर

ती. स्व. आत्यास,
दीपालीचा शिरसाष्टांग नमस्कार.

मंगळवारी नोंद सापडली. तेव्हापासून पाच दिवस लिहायला बसते आहे आणि उठते आहे. आधी तेच सांगते. तू आईला खाल्लं नाहीस.

१९४४च्या जन्मांत तू आहेस, ९ जुलै, ‘गेनबा यास मुलगी’. नाव नाही, तेव्हा नाव लिहीतच नसत. त्या वर्षाच्या मृत्यूंत तुळजाही नाही. कारकून जेवणाच्या सुट्टीसाठी किल्ल्या वाजवत होते, मी पर्स उचलली होती. तेवढ्यात ज्ञानदेवरावांनी मला न विचारताच पुढच्या वर्षाचं बाड ओढलं. ‘तुळजा भ्र. गेनबा’, म्हणजे गेनबाची बायको. वय एकोणीस. कारण ताप. तारीख १४ सप्टेंबर १९४५. मी बोटांवर मोजलं, मास्तरांकडूनही मोजून घेतलं. चौदा महिने, आत्या. ज्यांनी तुला दोष दिला, त्यांनीच सांगितलेलं वर्ष धरून आपण शोधत बसलो होतो.

त्या कारकुनांनी मला खुर्ची दिली आणि किल्ल्या खिशात ठेवल्या.

तुझी आजी असं का म्हणाली असेल? बाबांना विचारलं. तुझा धाकटा भाऊच तो, नेहमीप्रमाणे म्हणाला, आता कशाला उकरतेस. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. नक्कल सोबत पाठवते आहे, मागे मास्तरांनी बाळबोधीत लिहून दिलं आहे. बॅग सोड आणि श्रद्धाजवळ थांब. उत्तर लगेच टाक, मला चैन नाही.

तुझी,
दीपाली

बार्शी
२ डिसेंबर

चि. सौ. दीपालीस अनेक उत्तम आशीर्वाद.

कागद पोचला. तो घेऊन मी घरभर फिरते आहे, कुठे ठेवावा ते कळत नाही. आजीवर रागवावं म्हणते, पण राग धड येत नाही, मधेच रडू येतं. एकोणीस वर्षांची होती गं. आमची श्रद्धा सव्वीसची, तरी आम्ही तिला पोर म्हणतो.

बॅग श्रद्धानंच सोडली. मी थांबते आहे. धाकधूक वाटते, पण ती चार बायकांना वाटते तेवढीच.

तुझ्या आजीला, मुक्ताईला, मी काकी म्हणायचे. जन्मात कुणाला आई म्हणून हाक मारली नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. पण चौदा महिन्यांचं मूल आई म्हणतं, दीपाली. म्हणजे मी म्हटलं असणार. आणि तिनं ओ दिली असणार.

आता पुढे लिहवत नाही. माया आहे तशीच असू दे.

तुझी आत्या,
सुंदरा