पन्नासच्या वजनातलं शिसं

मी, बॉक्सिंगचा शिक्षक, ज्याला सगळे ‘मास्तर’ म्हणतात, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार क्लबाच्या वरच्या खोलीत, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, मला कुणी दमदाटी केलेली नाही आणि दारूचा थेंबही घेतलेला नाही. गेल्या महिन्यात केलेलं मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. कारण कलम चारमध्ये येईल.

१. राहती खोली आणि तिच्यातलं सामान माझ्या पत्नीस मिळावं. तिला तिथून कुणीही हलवू नये. खिडकी नीट लागत नाही. ती मी दुरुस्त करणार होतो, गेली वीस वर्षं करणारच होतो.

२. ग्लोव्ह्ज शिवायची आरी, दोरा आणि काळ्या मेणाची डबी पत्नीस. खरं तर ती तिचीच आहेत. क्लबातला एकूण एक फाटका ग्लोव्ह तिनेच शिवला आहे.

३. स्टॉपवॉच माझ्या मेव्हण्यास. पंच असताना त्याने माझा पठ्ठ्या खाली पडल्यावर सहा सेकंदांत दहा आकडे मोजले होते. एक सेकंद केवढा असतो, ते त्याने आता निवांत बघावं.

४. वजनाचा जुना काटा. फळीवर उभं राहायचं, दांडीला वजनं अडकवायची, असा हा लोखंडी काटा बारा वर्षं टॉवेल वाळत घालायच्या कामी आला. वारसाला बिघडलेली वस्तू देऊ नये म्हणून परवा, सोमवारी, काटेवाल्याला बोलावलं. रिकामा काटा त्याने तपासला. शून्य बरोबर होतं. मग पन्नासचं वजन, म्हणजे फळीवरचे पन्नास किलो तोलणारं अर्ध्या किलोचं वजन, हातात घेऊन उलटं केलं आणि म्हणाला, “मास्तर, हे कुणी भरलंय? आमच्या हातचं काम नाही हे.”

वजनाच्या बुडाला भोक असतं. त्यात शिशाचा जास्तीचा तुकडा होता आणि वरून काळं मेण दाबलेलं होतं.

“चार ग्रॅम आहे,” तो म्हणाला. “दांडीवर चार म्हणजे फळीवर चारशे. पन्नासच्या वरचा माणूस चारशे ग्रॅम हलका दिसणार.”

ते मेण मी ओळखलं, पत्नीच्या डबीतलं.

माझी मुलगी, जिला क्लबात मुंगी म्हणत, एक्कावन्न किलोच्या गटात लढायची. बारा वर्षांपूर्वी निवड चाचणीच्या सकाळी ती आमच्या काट्यावर पन्नास किलो नऊशे भरली. तासाभराने तिथल्या काट्यावर भरली एक्कावन्न तीनशे. “बाबा, शप्पथ, पाण्याचा घोटही घेतला नाही,” ती म्हणाली. मी सगळ्यांदेखत तिला खोटारडी म्हणालो. वजन उतरवायला नियमाने एक तास मिळत होता. तासाभरात तीनशे ग्रॅम म्हणजे काहीच नाही. जाड कपडे घालून दोरीवरच्या उड्या मारल्या की घामावाटे जातात. शेकडो पोरांकडून मी ते करून घेतलं आहे. मुलीची दोरी मात्र मी गुंडाळून पिशवीत टाकली. ती तशीच अनवाणी निघून गेली आणि पुन्हा या घरात आली नाही. दुसऱ्या दिवशी मी नवा इलेक्ट्रॉनिक काटा आणला, जुना कोपऱ्यात ढकलला.

काटेवाल्यासमोरच मी पत्नीला हाक मारली. तिने ते वजन पाहिलं आणि आढेवेढे घेतले नाहीत.

“मीच घातलं. पोर वाळून काडी झाली होती. तुम्ही सगळ्यांना मर्यादेच्या अर्धा किलो खाली आणता ना? त्यातलेच चारशे ग्रॅम मी तिला जेवू घातले. तरी शंभर उरत होते!”

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, तिने बाहेर आणखी काहीतरी खाल्लं. माझा अंदाज कुठे चुकला होता?”

तिचा अंदाज चुकला नव्हता. त्या वर्षी मुलीचे बसलेले गाल मलाच बघवेनात, म्हणून मी तो अर्धा किलो सोडून दिला होता. “पन्नास नऊशे चालेल,” असं तिला हळूच सांगितलं होतं. पत्नीला सांगितलं नाही. मास्तर मऊ पडला हे घरात कळायला नको होतं. आम्ही दोघांनी एकाच आठवड्यात, एकमेकांपासून चोरून, तिच्यावर माया केली. आणि मग दोघांनीही तिलाच खोटं ठरवलं.

शेवटी काटेवाल्यानेच चहा टाकला.

काटा क्लबातच राहावा. शिसं काढलेलं आहे.

५. शिसं पत्नीने घातलं. तो एक तास नाकारला मी, एकट्याने. याचा दोष पत्नीच्या माथी कुणी मारू नये.

६. क्लबाची इमारत, रिंग आणि सर्व साहित्य माझ्या मुलीस मिळावं. मागच्या मृत्युपत्रात मी ‘मुलीस काहीही देऊ नये’ असं लिहिलं होतं. मला त्याची लाज वाटते.

७. हे कलम आज मागाहून जोडलं. मुलीला हे सगळं मी मेल्यावर कळावं, हा निव्वळ भेकडपणा होता. काल पत्नीने तिला फोन केला आणि आज ती आली. तिने उभ्या उभ्याच सगळं वाचलं, चौथं कलम दोनदा वाचलं. आईचा हात हातात धरून ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

सह्यांसाठी बोलावलेल्या वकीलबाई म्हणाल्या, “काटेवाले एक झाले. अजून एक साक्षीदार हवा. मात्र ज्यांना यातून काही मिळतंय, त्यांनी सही करायची नाही.”

“मग सहावं कलम खोडा,” मुलगी म्हणाली.

“अगं, क्लब तुझा आहे,” मी म्हणालो.

“क्लब नकोय मला, बाबा. मी खोटं बोलले नव्हते, असं तुम्ही इथे लिहिलंय. त्याच्याखाली मला सही करायचीय.”

सहावं कलम खोडलं आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे. क्लब पत्नीच्या हयातीत तिच्याकडे राहावा, नंतर तिथे सराव करणाऱ्या मुलामुलींचा व्हावा.

स्थळ: क्लबाच्या वरची खोली
दिनांक: एकोणीस, बुधवार, दुपारी चार

लिहून ठेवणार: (सही) मास्तर

साक्षीदार पहिला: (सही) काटेवाला. मास्तरांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरी: (सही) मुलगी. मास्तरांनी माझ्यासमोर सही केली. वरचा सगळा मजकूर मी वाचला आहे आणि तो खरा आहे.