बिडाच्या पाइपची चौदा मापं

नुपूर, तू आठ वर्षांची होतीस. एका शनिवारी सकाळी अंगणातल्या नळाला माझी गळती ऐकायची काठी लावून बसली होतीस. कान काठीला, तोंडात टोस्ट. "आई, इट्स हमिंग!" म्हणालीस. बाबा कॅमेरा आणायला आत गेले आणि तेवढ्यात तू उठलीस. तो न काढलेला फोटो आज सारखा डोळ्यांपुढे येतो.

मी, वीणा राजीव केळशीकर, वय चौसष्ट, राहणार टूवूंबा, ऑस्ट्रेलिया, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आधीचं रद्द समजावं. गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे.

१. घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी नुपूर हिला. मागचं लिंबाचं झाड बाबांनी लावलेलं आहे, तोडू नये.

२. सहा वर्षांपूर्वी हॉस्पिटलमागच्या रस्त्याखालचा बिडाचा जुना पाणीपाइप मी न फोडता, ध्वनिलहरींनी जाडी मोजणाऱ्या गेजने, पाणीखात्यासाठी चौदा ठिकाणी तपासला. माझा सहकारी निनाद खड्ड्याच्या काठावरून म्हणाला, "वीणाताई, सेटिंग बघितलंस का? काल आपण स्टीलवर होतो."

"आता तू मला शिकवणार, मेट?" मी सगळ्यांसमोर इथल्या ऑस्ट्रेलियन ढंगात म्हटलं. लोक हसले. वर्षभरात तो नोकरी सोडून गेला आणि मी त्याला उद्धटच म्हणत राहिले.

गेल्या आठवड्यात कागद आवरताना ती वही उघडली. सेटिंग स्टीलचंच होतं. बिडातून ध्वनी सावकाश जातो, म्हणून गेजने नऊ मिलिमीटर दाखवले तिथे पाइपची भिंत जेमतेम सात होती. तीही तेव्हा. 'अजून वीस वर्षं टिकेल' या अहवालाखाली सही माझी आहे.

सोमवारी पाणीखात्याला कळवलं. उत्तर आलं, "थँक्स वीणा, फेरतपासणी ऑगस्टमध्ये." आज मार्च आहे. नुपूर, मी नसले तर तू त्यांना रोज फोन करायचास. गोड बोलून नव्हे.

३. वहीतली मापं मी मिटवलेली नाहीत. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं तसं, चुकीवर एकच रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहिला आहे. ही वही, गेज आणि गेज जुळवायचा बिडाचा ठोकळा निनादला. शुक्रवारी सकाळी त्याच्या हातात द्यावं. मी वाचले तरीही. त्याला म्हणावं, तू बरोबर होतास. आधी तो पाइप पुन्हा मोज, ताईवर रागवायला नंतर वेळ आहे.

४. ऐकायची काठी नुपूरला.

टूवूंबा, मंगळवार, ११ मार्च २०२५
सही: वीणा रा. केळशीकर
आमच्यादेखत सही झाली: चारुता साठये, हृषिकेश साठये (शेजारी)