राशीतली एक पायली

३ जानेवारी १९३८, चिखली
आजपासून स्वतंत्र संशोधन. विषय ठरला: धान्याची रास न मोजता, नुसत्या गणिताने तिच्यात किती पायल्या आहेत ते सांगणे. परिघाचा वर्ग, गुणिले उंची, भागिले ठरलेली संख्या. असं कोष्टक एकदा छापलं की मापाऱ्यांची जात कायमची घरी बसेल. नागपूर सरकार कापसाच्या बियांवर संशोधनाला ग्रँट देतं, मग गणनाला का नाही? ग्रँटमधून एक कॅल्क्युलेटिंग मशीन आणि हाताखाली दोन कॉम्प्यूटर, म्हणजे आकडेमोड करणारे पगारी इसम.
हेडमास्तर चिंतामणराव म्हणाले, गणिताला पाटी-पेन्सिल पुरते. अशा माणसाच्या हाताखाली मी अकरा वर्षं काढली.
संकल्प: पहाटे साडेचारला उठणे. दुसरा चहा बंद. प्रत्येक भागाकार सात दशांश स्थळांपर्यंत.

४ जानेवारी
पावणेआठला उठलो. दोष माझा नाही. पहाटे आमची ही मागच्या खोलीत ज्वारी मोजत काहीतरी पुटपुटते, त्याने झोपमोड झाली, म्हणून पुन्हा झोपावं लागलं. डोणगावचं माहेर. मापागणिक देवाचं नाव घेत असेल.
दुसरा चहा घेतला. आकडेमोडीला लागतो.

९ जानेवारी, अमडापूर
निवृत्ती पाटलाच्या खळ्यावर पहिला प्रयोग. दोरीने परीघ घेतला, काठीने उंची. गणिताने उत्तर ६३.०४१८२०६ पायल्या.
मग पडताळ्यासाठी मापारी. कडूबा नाव, वय साठीचं, अंगठाबहाद्दर. पहिलं माप भरून ओतताना डोळे मिटून लांब हेल काढला: लाभऽऽ! ही लक्ष्मीची प्रार्थना. पुढे गाणं म्हटल्यासारखा मोजत राहिला, ते मी ऐकलं नाही. तोंडी मोजणीवर विसंबणं अशास्त्रीय. प्रार्थना संपल्यावर दर मापाला मी वहीत एक रेघ ओढली.
शेवटी कडूबा म्हणाला, त्रेसष्ट. माझ्या रेघा बासष्ट.
गणित म्हणतं त्रेसष्ट, तो म्हणतो त्रेसष्ट, आणि पोत्यात पडल्या बासष्ट. एक पायली गेली कुठे?

१६ जानेवारी
आणखी तीन राशी. तिन्हींत नेमकी एक पायली कमी. योगायोग एकदा होतो, चारदा झाला की ती चोरी. शेतकरी शेजारी उभे राहून बघतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. या तालुक्यात डोळे फक्त मलाच दिलेले दिसतात.

१८ जानेवारी
ग्रँटचा अर्ज नागपूरला रवाना. सातवं कलम खास: गणनसंशोधनाने मापाऱ्यांची पिढीजात चोरी उघडकीस आली. नाव, गाव घातलं. एक प्रत अमडापूरच्या बाजारपंचांना.
हिला वाचून दाखवलं. म्हणाली, 'अहो, ते लाभ म्हणजे...' मी म्हटलं, धर्मावर नंतर बोलू.

२ फेब्रुवारी
पंचांनी कडूबाचं माप काढून घेतलं. संशोधनाचं पहिलं फळ.
त्याची बायको तानुबाई आज अमडापूरहून चालत दारात आली. म्हणे, 'मास्तर, तीस वर्स झाले त्याच्या हातात माप हाये. चार दिस झाले, भाकर नाही खाऊन राह्यला तो. काऊन चोर म्हनता त्याले?' मी तिला दशांश स्थळं समजावून दिली. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. ही तिला घेऊन चुलीपाशी बसली, मग मला काही सांगायला आली. ग्रँट येईपर्यंत घरगुती विषय बंद, असं मी स्पष्ट बजावलं.

१७ फेब्रुवारी
नागपूरचं पत्र! शिक्षणखात्याचे साहेब सव्वीसला अमडापूरला येणार, प्रयोग समक्ष बघणार. मशीन ठेवायला टेबल मोकळं केलं. हिने पुन्हा तोंड उघडलं. तिला म्हटलं, आता थेट मशीन आल्यावर बोल.
संकल्प: साहेबांशी फक्त इंग्रजीत.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ
थोडक्यात लिहितो.
साहेब कोट-पाटलूणवाले, पण खळ्यावर येताच बूट काढून बाहेर ठेवले. मेहकरकडच्या शेतकऱ्याचे चिरंजीव निघाले. माझ्या गणिताने एकाहत्तर. कडूबाला मुद्दाम बोलावलं होतं. लाभऽऽ पासून मोजून तोही म्हणाला, एकाहत्तर. माझ्या रेघा सत्तर. मी विजयाने साहेबांकडे पाहिलं.
साहेबांनी मराठीत विचारलं, 'मास्तर, पहिल्या मापाची रेघ कुठं आहे?'
मी म्हणालो, पहिल्याला तो देवाचं नाव घेतो.
सगळं खळं हसलं. कडूबा हसला नाही. म्हणाला, 'पयल्या मापाले एक नाही म्हनत, मास्तर. लाभ म्हनत. मंग दोन.'
पंचांनी तिथेच त्याचं माप परत दिलं. त्याने ते कपाळाला लावलं. मला फार लाज वाटली. पण चूक पद्धतीची आहे. एकाला एक न म्हणणाऱ्या लोकांत शास्त्र कसं वाढणार?
जाताना साहेब म्हणाले, कोष्टक अगदी बरोबर आहे. सातवं कलम नसतं तर शिफारस केली असती.

३० मार्च
ग्रँट नामंजूर. कारण एका ओळीत: अर्जदाराने प्रथम मोजणी शिकावी. चिंतामणरावांनी पत्र शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचलं.

१ एप्रिल
पहाटेच जाग आली. मागच्या खोलीत ही ज्वारी मोजत होती. लाभ, दोन, तीन.
विचारलं, हे कधीपासून म्हणतेस? म्हणाली, 'लग्न झाल्यापासून. अन् तीनदा सांगाले आली होती मी तुमाले.' तीनदा की चारदा, ते मी मोजलेलं नाही.
संकल्प: रविवारी पहाटे साडेपाचच्या मोटारीने अमडापूर. कडूबाची माफी मागायची. हिलाही सोबत चल म्हटलं.

३ एप्रिल, रविवार
पावणेआठला उठलो. मोटार गेली होती. मला का उठवलं नाही, हे विचारायला घरात कोणी नव्हतं.
शेजारच्या सरस्वतीबाईंनी सांगितलं, ही साडेपाचलाच गेली. तीन हाका मारल्या म्हणे. सोबत ज्वारी नेली आहे, मोजून एक पायली.