चेनबाईंची ताटली

हायडेलबर्ग

प्रिय सौ. मालिनीस,

मी बरा आहे, गोळ्या वेळेवर घेतो. ओवीला किंडरगार्टनमधून मीच आणतो. फोन इथे कायम स्पीकरवर असतो आणि सूनबाईंसमोर हे बोलता येईना, म्हणून लिहितोय.

खालच्या मजल्यावर चेनबाई आहेत, माझ्यासारख्याच, नातवाला सांभाळायला चीनहून आलेल्या. गेल्या आठवड्यात त्यांनी ताटलीभर बाओझी दिले. वाफवलेले, मऊ, आत कोबी, वर आपल्या मोदकांसारख्या कळ्या. मी एकट्यानेच संपवले आणि ताटली लख्ख घासून परत दिली. त्यांनी ताटलीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहून हसल्या.

तेव्हा आठवलं, आपल्याकडून शेजारची वाटी कधी रिकामी गेली नाही. ती भरतं कोण, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

परवा दुसरी ताटली आली. तीही संपली, ओट्यावर तशीच पडून आहे. आज बेल वाजली तर मी ओवीला घेऊन दाराआड गप्प उभा राहिलो. सत्तरीचा माणूस! पोरगी जर्मनमध्ये विचारते, आजोबा, आपण का लपलोय?

तुझा गुडघा कसा आहे? सुजलेल्या पायाने तू पोळ्या लाटायचीस आणि मी हॉलमधून ‘झाल्या का?’ म्हणून ओरडायचो. इथे ते फार आठवतं.

मला जमेल असा एखादा पदार्थ लिहून पाठव. हसलीस तरी चालेल.

पण बसून लिही.

तुझा,
भास्कर