कोऱ्या कागदावरचा अंगठा

बाबा, गेल्या मंगळवारी तुमची एक विद्यार्थिनी माझ्याकडे भंडाऱ्याला आली होती. केस पांढरे झालेत, पुढचे दोन दात नाहीत, सोबत सात-आठ वर्षांची नात. चप्पल काढायच्या आधीच तिने विचारलं, "तुमी गुरुजीच्या पोरी नं? मले एकच सांगा. माह्या मायनं त्या कागदावर अंगठा देल्ला होता का नाही?" मी तिला बसवलं, नातीपुढे बिस्किटं ठेवली आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले. माठापाशी जरा जास्तच वेळ उभी राहिले. उत्तर मला माहीत होतं. तुम्ही गेल्यावर ते माहीत असलेली या जगात मी एकटीच उरले आहे.

सिहोऱ्याजवळच्या त्या शाळेत तुम्ही एक पद्धत पाडली होती. जूनमध्ये पोरांची नावं घालायला आईबाप येत. एकदा धानाची रोवणी लागली की बाया दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकलेल्या, त्यांना शाळेत बोलावणं म्हणजे त्यांचा दिवस बुडवणं. म्हणून नाव घालतानाच प्रत्येकाचा अंगठा तुम्ही तीन-तीन कोऱ्या कागदांवर घेऊन शाळेच्या कपाटात ठेवत होता. शिष्यवृत्तीचा अर्ज असो, जातीचा दाखला असो, वेळ आली की वर मजकूर भरायचा. लोक खुशीने अंगठा देत. "तुमीच पाहून घ्या, गुरुजी," म्हणत आणि निळा अंगठा धोतराला-लुगड्याला पुसत निघून जात. आजूबाजूच्या शाळांची शिष्यवृत्ती बुडे, तुमची कधी बुडाली नाही. तालुक्याच्या सभेत तुमचं कौतुक झालं, ते तुम्ही घरी येऊन दोनदा सांगितलं. आईला एकदा आणि मला एकदा. मला ती पद्धत चांगलीच वाटायची. कपाटाची किल्ली तुमच्या जानव्याला होती आणि गावातल्या प्रत्येक आईचा होकार त्या कपाटात गठ्ठा बांधून पडलेला होता, हे एकाही माणसाला खटकलं नाही.

मग शहरातून दोन डॉक्टर जीपने आले. पोरांचं रक्त तपासायचं होतं. सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाचं नाव आपण तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्यांना किती गावांत, किती घरांत तो आहे याचा अभ्यास करायचा होता आणि दर पोरामागे पालकाची सही असलेला एक कागद हवा होता. मी कॉलेजातून सुट्टीवर आलेली. तुम्ही गावात निरोप दिला, पण रोवणी जोरात होती, कोणी आलं नाही. एकच बाई आली. पोटरीपर्यंत चिखल, लुगड्याचा काष्टा तसाच, व्हरांड्याच्या खाली उभी राहून बोलली, वर चढली नाही.

"गुरुजी, माह्या पोरीचं रगत नोका काहाडू."

"कायले? सरकारी काम आहे, बाई. फुकट आहे."

"फुकट असो नाही तं काई असो. माह्या पोराले सुई टोचली आन तिसऱ्या दिवशी गेला तो."

"सुईनं नाही गेला. तापानं गेला."

"तुमी होते का तिथं?"

शाळेतले बाकीचे मास्तर हसले. तुम्हीही हसलात. त्या दोन डॉक्टरांपैकी एक म्हणाला, "आजकल ये लोग भी सवाल पूछते हैं," आणि चहाचा कप शिपायापुढे केला. बाईने पुन्हा सांगितलं, आवाज न चढवता, "पोरगी माही हाये. मी नाही म्हनतो." तुम्ही म्हणालात, "बरं बरं, जा तू. रोवायचे पऱ्हे सुकतील तुये." ती गेली. तिला वाटलं तिचं ऐकलं.

ती बांधावरून दिसेनाशी झाली तेव्हा तुम्ही कपाट उघडलं. तिचा कागद माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, "बाबा, ती नाही म्हणून गेली ना आत्ता." तुम्ही माझ्याकडे असं पाहिलं की मास्तरांसमोर मी लहान झाले. "कॉलेजात जाऊन हेच शिकली का? तोंड कमी चालव, हात चालव." आणि मी हात चालवला. छापील नमुना समोर ठेवून त्याप्रमाणे अंगठ्याच्या वर लिहिलं: मला माझ्या भाषेत सर्व समजावून सांगितले, मी ते समजले, माझी काही हरकत नाही. माझं अक्षर चांगलं होतं. तो मजकूर खाली अंगठ्यापर्यंत अगदी बेताने बसला, ओळी दाटल्या नाहीत की विरळ पडल्या नाहीत, आणि तसं बसवता आलं याचा मला त्या क्षणी आनंद झाला होता. तो आनंद मला अजून आठवतो. मजकुराची लाज नंतर वाटली, बऱ्याच वर्षांनी, तीही अशा वयात जेव्हा लाज वाटणं फार महाग पडत नाही.

पोरगी चौथीत आहे. शिपायाने तिला मांडीवर दाबून धरलंय. ती रडत नाही, फक्त एकच वाक्य म्हणतेय, "मायनं नाही म्हटलं, मायनं नाही म्हटलं," आणि डॉक्टर तिची शीर शोधतोय. पहिल्यांदा सापडत नाही. दुसऱ्यांदाही नाही. तुम्ही दारात उभे राहून बाकीच्या पोरांना सांगताय, पाहा, किती शूर आहे. कोणालाही, तुम्हालाही नाही आणि मलाही नाही, असं वाटत नाही की ही पोर काही माहिती देतेय.

दिवाळीनंतर यादी आली. ज्यांच्या रक्तात काही सापडलं त्यांची नावं. यादी फक्त तुमच्यासाठी होती, पण तुम्हाला गावाचं भलं करायचं होतं. तुम्ही ती ग्रामपंचायतीसमोर वाचून दाखवली आणि वर सांगितलं की सोयरीक करताना ध्यानात ठेवा. तिचं नाव तिसरं होतं. ती आजारी नव्हती, कधी पडलीही नाही. ती फक्त वाहक होती, आणि वाहक माणूस धडधाकट जगतो हे ज्या पत्रात लिहिलं होतं ते पत्रही त्याच पाकिटात होतं. ते इंग्रजीत होतं. तुम्ही वाचलं नाही. मी वाचलं असतं तर सांगता आलं असतं. मी तेव्हा परीक्षेच्या तयारीत होते.

तिच्या बापाने तिच्या आईला मारलं. रक्त काढल्याबद्दल नाही, अंगठा दिल्याबद्दल. बाई म्हणत राहिली, मी नाही देल्ला. शेवटी तो तिला दंडाला धरून शाळेत घेऊन आला. तुम्ही शांतपणे कागद काढला, टेबलावर सरळ केला आणि म्हणालात, "हा पाहा. तुझाच आहे ना?" तिने कागदाकडे पाहिलं. मग स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. अंगठ्यावर विळ्याची जुनी खूण होती, आडवी, आणि कागदावरही तीच आडवी रेघ होती. मग म्हणाली, "हाये तं माहाच." त्यानंतर तिने कधी वाद घातला नाही. खोटं कोणी बोललं नव्हतं, बाबा. तुम्ही फक्त तिला तिच्या स्वतःच्या हाताविरुद्ध उभं केलं.

पोरीला पाचवीत घातलं नाही. जवळपासच्या गावांतून कोणी पाहायला येईना. शेवटी दूरच्या गावी, एका बिजवराला दिली.

मी आता एका रुग्णालयाच्या समितीत बसते. पोरांवर कुठलाही अभ्यास करायचा असेल तर तो आमच्यापुढे येतो, आणि डॉक्टर नसलेलं, सामान्य जनतेतलं माणूस म्हणून मला तिथे घेतलं आहे. डॉक्टर मला घाबरतात. संमतीच्या कागदातला एक शब्द आईला कळणार नाही असं वाटलं तरी मी तो परत पाठवते. मागच्या बैठकीत एका तरुण डॉक्टरला मी सर्वांसमोर रडवलं, कारण त्याने आठ वर्षांच्या मुलाची स्वतःची संमती वेगळी विचारली नव्हती. घरी येताना मला फार बरं वाटत होतं.

तर मंगळवारी आलेली ती बाई. पाणी पिऊन तिने सांगितलं, नातीला दवाखान्यात नेलं होतं. "तिथल्या पोरीनं कागद अख्खा वाचून दाखोला, ताई. मंग नातीलेबी इचारलं, तुले चालते का बाळा. ही येडी म्हने, नाही चालत. तं त्या पोरीनं सुई ठेवून देल्ली! हसली अन् म्हने, मंग पुढच्या येळी पाहू." तिने नातीला जवळ ओढलं. "तवापासून डोक्यात चालू हाये. माह्या मायले कोनं वाचून दाखोलं होतं? तिनं अंगठा देऊन मले इकलं म्हनून मी तिच्याशी बोलली नाही कधी. मरतानी निरोप धाडला तिनं, मी गेली नाही. तुमी होत्या तिथं. सांगा."

मी सांगितलं. आईने नाही म्हटलं होतं. अंगठा जूनमधल्या कोऱ्या कागदावरचा होता. नात बिस्किटाचा चुरा बोटाने गोळा करत होती. मग बाईने विचारलं, "अन् वर लिवलं कोनं?"

मी म्हटलं, "बाबांनी."

"गुरुजीनं?" ती म्हणाली. "देवमानूस म्हनत होतो आमी त्याईले." मग रडली, खूप रडली, आईला हाका मारून, इतकी की पोर घाबरली. जायच्या आधी ती वाकली आणि तिने माझे पाय धरले. "एवढ्या वर्षांत खरं तुमीच बोलल्या, ताई." मी पाय मागे घेतले नाहीत.

तुम्हाला हे पत्र पोचणार नाही. तिला पोचू शकतं. जाताना तिने वहीच्या पानावर स्वतःच्या हाताने पत्ता लिहून दिला आहे. तिला वाचता येतं, तेवढं तुम्ही शिकवलं होतं. पाकीट मी अजून आणलेलं नाही.