पांढऱ्या साडीतली कुंकवाची पुडी

मंगळवार, मारेगाव. दुकान बंद केल्यावर.

वेबसाइट काढली तवा चौकात छाती ठोकून सांगतलं होतं, आता आपली फॅशन लंडनले जाईन. आज खरंच गेली. परदेशातली पहिली ऑर्डर, बिनकाठाची पांढरी साडी. आनंदाच्या भरात सवयीनं घडीत कुंकवाची पुडी टाकली, वरून ‘नटा, मिरवा’चं कार्ड. कुरिअरवाला घेऊनही गेला.

मग बायको म्हणते, “अवो, पांढरी कायले लागत असन तिले?”

तसाच उठलो. कुरिअरवाल्याले फोन केला, तं गाडी नागपूरकडं निघाली म्हणे. दुकानात बाई समोर बसली की चेहऱ्यावरून समजते. मग मी आवाज खाली करतो, पुडी टाकत नाही. हिचा चेहराच पाह्यला नाही. तिकडं लग्नात नवऱ्या पांढरं घालतात म्हणे. तसंच असन. नसन तं? घडी उघडली अन् कुंकू हातात आलं तं?

अन् मी साऱ्या जगाले कपडे विकाले निघालो!

आत्ता मोबाइल वाजला. लंडनचाच नंबर, मेसेज आहे. बायको म्हणते, वाचा ना.

मोबाइल पालथा ठेवून हे लिहून राह्यलो.